घरचं कनेक्शन, प्रॉक्सी आणि आयपी पत्ता: आपल्या नावावर नेमकं कोण बाहेर जातंय?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत, पण तिन्हींच्या मुळाशी आयपी पत्ताच आहे असं दिसतंय, म्हणून एकच धागा काढतो.

पहिली अडचण. मळ्यातल्या गोठ्यात कॅमेरे आणि डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) बसवलाय. नेट गावातल्या केबलवाल्यांचं, फायबरवर. कॅमेरा बसवणाऱ्यानं राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणारी जोडणी थेट डीव्हीआरकडे वळवायची सोय) करून दिलं, पण बाहेरगावाहून मोबाइलवर चित्र येत नाही. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.७९ ने सुरू होणारा दिसतो आणि गूगलवर ‘माझा आयपी’ शोधलं की १०३ ने सुरू होणारा दुसराच दिसतो. एका कनेक्शनला दोन पत्ते कसे?

दुसरी. भाच्यानं त्याच्या मोबाइलवर ‘उरलेलं इंटरनेट विका, डॉलर कमवा’ अशा प्रकारचं ॲप टाकलंय. घरच्या वायफायवर ते रात्रंदिवस चालू असतं. अटी वाचल्या तर त्यात ‘रेसिडेन्शियल प्रॉक्सी नेटवर्क’ असे शब्द सापडले. कनेक्शन माझ्या नावावर, केवायसीला आधार माझं. हे चालू द्यावं का?

तिसरी. म्हणून प्रॉक्सीबद्दल वाचायला बसलो, तर फॉरवर्ड, रिव्हर्स, ट्रान्सपरंट, एलिट, सॉक्स, डेटासेंटर, मोबाइल अशी नावांची रांगच लागली. यातलं कोणतं कशापासून वेगळं, ते जाणकारांनी सांगावं.

राउटरवाला_पुणे

कृष्णाकाठ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. १००.७९ वाला पत्ता म्हणजे तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. थोडं मुळापासून सांगतो, म्हणजे पुढच्या चर्चेलाही उपयोग होईल.

आयपी पत्ता म्हणजे नेटवर उपकरणाला मिळणारा क्रमांक. त्यातला जुना प्रकार आयपीव्ही४, तो ३२ बिटांचा. त्यामुळे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जगाची लोकसंख्याच त्याच्या दुप्पट होत आली आणि प्रत्येकाकडे फोन, लॅपटॉप, टीव्ही. आयाना या जागतिक संस्थेकडचे मोकळे पत्ते फेब्रुवारी २०११ मध्ये संपले, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाची एपनिक शेवटच्या राखीव साठ्यावर आली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या लहान केबलवाल्यांना पत्त्यांचा छोटासा तुकडाच मिळालाय. हजारो गिऱ्हाइकं आणि हातात मोजके पत्ते, ही त्यांचीही खरी अडचण आहे.

खाजगी वापराचे पत्ते वेगळे काढून ठेवलेले आहेत: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८. तुमच्या घरातले फोन, डीव्हीआर, टीव्ही यातलाच एखादा पत्ता वापरतात. हे पत्ते जगभर लाखो घरांत पुन्हापुन्हा वापरले जातात, कारण ते घराबाहेर कुणाला दिसतच नाहीत. राउटर सगळ्यांना एका सार्वजनिक पत्त्यावरून बाहेर पाठवतो, त्याला नॅट म्हणतात.

सीजीनॅटमध्ये हेच काम कंपनी आपल्या पातळीवर पुन्हा एकदा करते. त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा मुद्दाम राखून ठेवला गेला. तुमचा १००.७९ त्यातलाच. म्हणजे १०३ वाला पत्ता तुमचा एकट्याचा नाही. एखाद्या सोसायटीचा पत्ता असावा आणि फ्लॅट नंबर फक्त आतल्या वहीत लिहिलेला असावा, तसा तो आहे. बाहेरून कुणी तुमच्या कॅमेऱ्याकडे यायला निघालं तर कंपनीच्या यंत्रापर्यंत पोचतं, पुढे कुठे जायचं ते त्या यंत्राला माहीतच नसतं. तुमच्या राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग अगदी बरोबर असलं तरी तिथपर्यंत काही येतच नाही. कॅमेरेवाल्याची चूक नाही.

मार्ग तीन. केबलवाल्यांकडे स्थिर सार्वजनिक आयपी मागा; बहुतेक जण दरमहा वेगळे पैसे घेऊन देतात. किंवा त्यांच्याकडे आयपीव्ही६ (पत्त्यांची टंचाई नसलेला नवा प्रकार) आहे का ते विचारा. किंवा तिसरा, मला सर्वांत आवडणारा: घरात वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखी खाजगी जोडणी, म्हणजे फक्त आपल्याच उपकरणांमधली कूटबद्ध वाट. पण कुठलाही मार्ग घेतलात तरी डीव्हीआरचा मूळ पासवर्ड आधी बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटनं (हॅकरच्या ताब्यातल्या उपकरणांच्या जाळ्यानं) असेच मूळ पासवर्ड असलेले कॅमेरे आणि डीव्हीआर लाखांच्या संख्येनं ताब्यात घेतले होते, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच जोरावर डिन या डीएनएस (साइटच्या नावावरून आयपी सांगणाऱ्या) कंपनीवर हल्ला करून अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट काही तास बंद पाडल्या होत्या. तुमचा कॅमेरा बाहेरून दिसत नाही हा त्रास आहे, पण आज तेच तुमचं संरक्षणही आहे.

सायली_कोल्हापूर

खूप सोपं करून सांगितलंत. यावरूनच एक प्रश्न. मी कोल्हापुरात बसते आणि निम्म्या साइट मला मुंबईत असल्याचं सांगतात. मोबाइल डेटावर असले तर कधी पुणे, कधी अहमदाबाद. मग ‘आयपीवरून घराचा पत्ता कळतो’ असं म्हणतात ते कितपत खरं?

राउटरवाला_पुणे

सायली, आयपीत जागा लिहिलेली नसते. खाजगी कंपन्या अंदाजांची कोष्टकं तयार करतात: पत्त्यांचा तुकडा कुणाच्या नावावर, त्या कंपनीचा गेटवे (इंटरनेटवर उतरायचं दार) कुठे, वगैरे. मोबाइल कंपनीची वाहतूक ज्या शहरातून इंटरनेटवर उतरते ते शहर तुम्हाला दिसतं. देश बहुधा बरोबर येतो, शहर चुकू शकतं, घर तर अजिबातच कळत नाही.

अमेरिकेतलं एक उदाहरण प्रत्येकानं लक्षात ठेवावं असं आहे. मॅक्समाइंड ही अशी कोष्टकं पुरवणारी मोठी कंपनी. एखादा पत्ता अमेरिकेतला आहे एवढंच ठाऊक असेल तर ती देशाच्या मध्याजवळचे अक्षांश-रेखांश देत असे. तो बिंदू नेमका कॅन्सस राज्यातल्या पॉटविन गावाजवळच्या एका शेतघरावर पडत होता. ६० कोटींहून जास्त आयपी पत्ते त्या एका शेताला जोडले गेले. वर्षानुवर्षं तिथे पोलीस, तपास अधिकारी आणि फसवले गेलेले लोक येऊन थडकत राहिले. २०१६ मध्ये एका पत्रकारानं शोध लावला, तेव्हा कंपनीनं तो बिंदू उचलून एका तलावात नेऊन ठेवला. त्या कुटुंबाचा इंटरनेटवरच्या कुठल्याही गुन्ह्याशी काडीचा संबंध नव्हता.

गुन्ह्याच्या तपासात पोलीस घरापर्यंत पोचतात ते कोष्टकावरून नाही, कंपनीकडच्या नोंदींवरून. त्यावर कायद्याचं जाणणारं कुणी लिहील तर बरं.

बाइट_नाशिक

तिसऱ्या प्रश्नाला मी हात घालतो. प्रॉक्सी म्हणजे आपल्या वतीनं मध्ये उभं राहून विनंत्या पुढे नेणारं यंत्र; समोरच्याला तिचा आयपी दिसतो. नावं खूप आहेत कारण ती वेगवेगळ्या निकषांवर पडलेली आहेत. एकाच प्रॉक्सीला त्यातली चार नावं एकदम लागू शकतात, आणि सगळा गोंधळ तिथेच होतो.

निकष पहिला, प्रॉक्सी कुणाच्या बाजूनं उभी आहे. वापरणाऱ्याच्या बाजूनं असेल तर फॉरवर्ड. कॉलेजच्या लॅबमध्ये ब्राउझरच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सीचा पत्ता आणि पोर्ट ३१२८ भरलेलं ज्यांना आठवतं, ती स्क्विड नावाची फॉरवर्ड प्रॉक्सी. सगळ्या लॅबला एकच कनेक्शन. एकानं उघडलेलं पान साठवून दुसऱ्याला द्यायचं, नको त्या साइट अडवायच्या, हे तिचं काम. साइटच्या बाजूनं असेल तर रिव्हर्स: एनजिनएक्स, एचएप्रॉक्सी, क्लाउडफ्लेअर. तुम्ही साइट उघडता तेव्हा समोर हीच असते, खरा सर्व्हर तिच्यामागे. भार वाटणं, हल्ले झेलणं, प्रमाणपत्र सांभाळणं ही तिची कामं. आज कुठलीही मोठी साइट उघडली तरी रिव्हर्स प्रॉक्सी वाटेत असतेच, म्हणजे ‘मी कधी प्रॉक्सी वापरली नाही’ असं कुणालाच म्हणता येणार नाही. ट्रान्सपरंट म्हणजे वापरणाऱ्यानं काहीही न भरता वाटेत आपोआप लागणारी. कंपन्यांत, हॉटेलांत, काही नेटवाल्यांकडे असते. एचटीटीपीएस (वेबची कूटबद्ध भाषा) सगळीकडे आल्यापासून तिला आतला मजकूर दिसत नाही, फारतर साइटचं नाव दिसतं. ऑफिसच्या संगणकात ऑफिसनं स्वतःचं प्रमाणपत्र बसवलेलं असेल तर मात्र सगळं दिसतं.

दुसरा निकष, भाषा कोणती. एचटीटीपी प्रॉक्सीला वेबची भाषा कळते. एचटीटीपीएससाठी ती ‘कनेक्ट’ हुकमानं मध्ये फक्त वाट करून देते. सॉक्स५ (१९९६ पासूनचा मानक) कशाचीही वाहतूक करते, आत काय आहे त्यात लक्ष घालत नाही. इथे एक बारीक मुद्दा, जो बहुतेक लेखांत सुटतो. सॉक्स वापरतानाही साइटच्या नावाचा आयपी शोधण्याचं काम तुमचाच संगणक करत असेल, तर तुमच्या नेटवाल्याला नाव कळतंच. कर्ल (हुकूम देऊन पानं आणणारं साधन) वापरणाऱ्यांनी सॉक्स५ आणि सॉक्स५एच यातला फरक बघून घ्यावा. दुसऱ्यात नाव शोधण्याचं कामही प्रॉक्सीकडे जातं.

तिसरा निकष, तुमची ओळख किती झाकते. प्रॉक्सी तुमचा खरा आयपी ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ या हेडरमध्ये (विनंतीसोबत जाणाऱ्या चिठ्ठीत) पुढे कळवत असेल तर तुम्ही पूर्ण उघडे. आयपी न कळवता फक्त ‘मी प्रॉक्सी आहे’ एवढं सांगत असेल तर तिला अनॉनिमस म्हणतात, आणि काहीच न सांगणारी ती एलिट. या नावांचा बाजारात फार गवगवा आहे. प्रत्यक्षात साइटला ओळखायला आयपी एकटाच लागत नाही. कुकी, लॉगिन, ब्राउझरची ठेवण यावरूनही माणूस ओळखू येतो. आपल्याच ईमेलमध्ये लॉगिन करून एलिट प्रॉक्सी वापरण्यात काय लपलं?

जाता जाता, साइट चालवणाऱ्यांसाठी: रिव्हर्स प्रॉक्सी लावली की लॉगमध्ये (नोंदवहीत) सगळे वाचक एकाच आयपीवरून आलेले दिसतात. मग लोक एक्स-फॉरवर्डेड-फॉर वाचायला लागतात, पण तो हेडर कुणीही खोटा भरून पाठवू शकतं. आपल्याच प्रॉक्सीकडून आला असेल तरच त्यावर विश्वास ठेवा. हे न केल्यामुळे आयपीवर आधारलेली बंदी सहज चुकवली जाते.

व्हीपीएन यापेक्षा वेगळं. ते अख्ख्या उपकरणाची वाहतूक कूटबद्ध करून एका सर्व्हरकडे नेतं. साधी प्रॉक्सी ॲपपुरती असते आणि स्वतः काही कूटबद्ध करत नाही. दोन्हींत एक गोष्ट सारखीच: नेटवाल्यावरचा विश्वास काढून तुम्ही तो दुसऱ्या कुणावर तरी टाकता. तो दुसरा कोण, हे माहीत नसेल तर फुकटच्या प्रॉक्सीच्या याद्यांना हातही लावू नका.

निवृत्त_मास्तर

उत्तम चर्चा. वाचनखूण साठवली. पण भाच्याच्या ॲपचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. मला तोच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

बाइट_नाशिक

मास्तर, त्याकडेच येत होतो. चौथा निकष म्हणजे प्रॉक्सीचा आयपी कुठून आणलेला आहे.

आयपीचा प्रत्येक तुकडा कुठल्या नेटवर्कचा हे एएसएन (प्रत्येक नेटवर्कला दिलेल्या) क्रमांकावरून उघड असतं. डेटासेंटरचा आयपी म्हणजे भाड्याचा सर्व्हर. स्वस्त, वेगवान, पण साइटना लगेच ओळखू येतो. म्हणून तिकिटांच्या, बँकांच्या, खरेदीच्या साइट तो पटकन अडवतात. मोबाइल प्रॉक्सी म्हणजे सिमकार्ड घातलेल्या डोंगलांच्या किंवा फोनांच्या मागून जाणारी. तो आयपी साइटनं अडवला तर सीजीनॅटमुळे त्याच्यामागची शेकडो-हजारो खरी गिऱ्हाइकं अडतात, म्हणून साइट धजावत नाहीत. आणि रेसिडेन्शियल म्हणजे कुणाच्या तरी घरचं खरं कनेक्शन. साइटला वाटतं, सांगलीकडचा एक साधा माणूस आलाय. याच विश्वासाचे पैसे मोजले जातात, आणि तो विश्वास कृष्णाकाठांच्या नावावर जमा झालेला आहे.

ही कनेक्शनं गोळा कशी होतात ते बघा. २०१५ मध्ये होला या फुकट व्हीपीएनबद्दल उघड झालं की फुकट वापरणाऱ्यांची कनेक्शनं ल्युमिनाटी या सेवेमार्फत विकली जात होती. बहुतेकांना त्याचा पत्ताच नव्हता. त्याहून गंभीर ९११ एस५ नावाचं प्रॉक्सीचं जाळं. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागानं ते मोडून काढलं. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन अशा फुकट व्हीपीएनमधून १९० हून जास्त देशांतले १ कोटी ९० लाख आयपी त्यात ओढले गेले होते. ते भाड्यानं घेऊन चोरांनी करोनाकाळातल्या मदतीचे खोटे दावे केले, आणि अमेरिकी सरकारच्या म्हणण्यानुसार त्यातला बेरोजगारी भत्त्याचाच तोटा ५९० कोटी डॉलरच्या वर गेला. प्रत्येक दाव्यामागे दिसणारा आयपी कुणातरी निरपराध माणसाच्या घरचा.

आणखी एक धोका. काही प्रॉक्सी सॉफ्टवेअर घरातल्या १९२.१६८ वाल्या पत्त्यांकडे जाणाऱ्या विनंत्या नीट अडवत नाहीत. म्हणजे बाहेरचा गिऱ्हाईक भाच्याच्या फोनमधून तुमच्या डीव्हीआरपर्यंत आणि राउटरच्या पानापर्यंत येऊ शकतो. सीजीनॅटनं बाहेरून केलेलं संरक्षण आतूनच निकामी होतं.

म्हणून माझं मत स्वच्छ आहे: ॲप आजच काढा.

टोरांटोकर

थोडं वेगळं मत मांडतो. मी किमतींची तुलना करणाऱ्या क्षेत्रात काम करतो आणि आम्ही रीतसर करार करून रेसिडेन्शियल प्रॉक्सी विकत घेतो. एकच वस्तू दोन देशांत वेगळ्या किमतीला दाखवतात, जाहिरात खरंच दिसते की फक्त तिचे पैसे लावले जातात, हे तपासायला दुसरा मार्ग नाही. संशोधक आणि पत्रकारही वापरतात. चांगले पुरवठादार गिऱ्हाइकाची ओळख तपासतात आणि घरमालकाची संमती घेतात. सगळ्यांना एका मापानं मोजू नये.

बाइट_नाशिक

टोरांटोकर, तुमचा उपयोग प्रामाणिक आहे हे मान्य. माझा आक्षेप संमतीवर आहे. बऱ्याचदा हा कोड एखाद्या खेळाच्या किंवा वॉलपेपरच्या ॲपमध्ये एसडीके (दुसऱ्या कंपनीचा तयार जोडकोड) म्हणून येतो आणि संमती म्हणजे लांबलचक अटींखालचं एक बटण. भाचा ‘मान्य’ दाबतो, कनेक्शन मामाच्या नावावर. ही मामाची संमती कशी झाली? शिवाय एकदा पुरवठादाराकडून दुसरा पुरवठादार घेऊ लागला की शेवटचा गिऱ्हाईक कोण, हे पहिल्यालाही सांगता येत नाही.

टोरांटोकर

पुनर्विक्रीचा मुद्दा रास्त आहे. आमच्या करारात त्यावर कलम आहे का ते मी विचारून बघतो.

वकीलसाहेब_ठाणे

कायद्याची बाजू थोडक्यात. भारतात व्हीपीएन किंवा प्रॉक्सी वापरणं हा गुन्हा नाही. त्यातून केलेलं कृत्य गुन्हा असेल तर तो गुन्हाच. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन आणि व्हीपीएस (भाड्याचे आभासी सर्व्हर) सेवा, डेटा सेंटर यांना ग्राहकांची नावं, दिलेले आयपी वगैरे माहिती ५ वर्षं ठेवावी लागते आणि यंत्रणांचे लॉग १८० दिवस. यामुळे एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी त्याच वर्षी भारतातले सर्व्हर काढून घेतले. आज ‘भारतीय आयपी’ म्हणून त्या जे देतात त्यामागचं यंत्र देशाबाहेर असतं.

तपासात आयपी एकटा पुरत नाही. सीजीनॅटमागे एका क्षणी एका आयपीवर खूप लोक असतात, म्हणून वेळ सेकंदापर्यंत आणि सोर्स पोर्टही (त्या आयपीवरचा विनंती निघाली तो क्रमांक) लागतो. तक्रार करणाऱ्या साइटनं पोर्टची नोंदच ठेवली नसेल, किंवा वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असताना ती भारतीय वेळ समजून विचारणा गेली, तर साडेपाच तासांचा फरक पडून भलत्याच ग्राहकाचं नाव येऊ शकतं. सायबर ठाण्यातून फोन आलाच तर पहिला लेखी प्रश्न हाच विचारा: आयपी, पोर्ट आणि वेळ कोणत्या कालपट्ट्यातली?

कृष्णाकाठ, तुमच्या बाबतीत मात्र हा बचावही चालणार नाही. विनंती खरोखरच तुमच्या घरातून गेलेली असेल, नोंदी अचूक असतील आणि त्यात नाव तुमचंच निघेल. पुढे तुम्ही निर्दोष ठराल, पण तोवर फोन-लॅपटॉप जप्त होणं, खातं गोठवलं जाणं हे सोसावं लागेल. महिन्याच्या चार डॉलरांसाठी हे करू नये.

निवृत्त_मास्तर

आमच्याकडे असं काही चालू आहे का, ते माझ्यासारख्यानं कसं ओळखावं? ॲप कुणी टाकलेलं नाही, पण नातवासाठी बाजारातून एक स्वस्त अँड्रॉइड टीव्ही बॉक्स घेतलाय.

सायली_कोल्हापूर

मास्तर, त्या बॉक्सकडेच आधी बघा. जून २०२५ मध्ये एफबीआयनं बॅडबॉक्स २.० या बॉटनेटबद्दल सार्वजनिक इशारा दिला होता. बिननावाच्या टीव्ही बॉक्स, प्रोजेक्टर, फोटोफ्रेम अशा वस्तूंत विकण्याआधीच हा कोड घातलेला असतो किंवा पहिल्यांदा सुरू करताना उतरवला जातो, आणि मग ती वस्तू प्रॉक्सी म्हणून विकली जाते. पुढच्याच महिन्यात गूगलनं खटला भरला तेव्हा बाधित उपकरणं १ कोटीहून जास्त असल्याचं म्हटलं होतं.

बॉक्सवर प्ले स्टोअर उघडून सेटिंगमध्ये ‘प्ले प्रोटेक्ट प्रमाणपत्र’ बघा. प्रमाणित नसेल, किंवा प्ले स्टोअरऐवजी भलतंच दुकान असेल, किंवा बॉक्स लावताना प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगितलं असेल, तर नेटपासून तोडा. फॅक्टरी रीसेटवर विसंबू नका; कोड फर्मवेअरमध्येच (कारखान्यातून आलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) असेल तर तो तसाच राहतो.

बाकी, राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते, त्यातलं अनोळखी काढा. अपलोड डाउनलोडच्या मानानं फार दिसत असेल, साधं गूगल शोधतानाही सारखं ‘तुम्ही रोबोट नाही ना’ विचारत असेल, तर शंका घ्या. अर्थात सीजीनॅटमागे शेजाऱ्यामुळेही तसं होतं, त्यामुळे तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका.

निवृत्त_मास्तर

प्रमाणित नाही असं दाखवतोय. वायर काढली. नातवाला समजावून सांगतो.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. भाच्यानं हा धागा स्वतः वाचला आणि ॲप काढलं. वायफायचा पासवर्ड बदलला, डीव्हीआरचाही बदलला, राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी (उपकरणांनी स्वतःच पोर्ट उघडायची सोय) बंद केलं. केबलवाल्यांकडे आयपीव्ही६ अजून नाही. स्थिर आयपी मिळतो, पण डीव्हीआर थेट जगासमोर उभा करायला आता मन होत नाही.

राउटरवाला, टेलस्केल करतो म्हटलं तर डीव्हीआरमध्ये ते बसत नाही. आणि वायरगार्ड साधं लावलं तर सीजीनॅट पुन्हा आडवं येणार ना?

राउटरवाला_पुणे

बरोबर ओळखलंत. साध्या वायरगार्डला दोनपैकी एका टोकाला तरी बाहेरून पोचता येईल असा पत्ता लागतो, तुमच्याकडे घरी तो नाही आणि मोबाइलवरही बहुधा नसेल. टेलस्केल दोन्ही टोकांकडून बाहेर जाऊन मध्ये भेट घडवतं, आणि तेही जमलं नाही तर स्वतःच्या रिले सर्व्हरवरून कूटबद्ध वाहतूक नेतं. त्यामुळे सीजीनॅटमागेही चालतं.

डीव्हीआरमध्ये काही बसवायची गरज नाही. घरात सतत चालू राहील असा जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय (छोटा स्वस्त संगणक) घ्या, त्यावर लिनक्स आणि टेलस्केल टाका, आणि त्याला ‘सबनेट राउटर’ करा, म्हणजे तो टेलस्केल नसलेल्या डीव्हीआरपर्यंत वाट करून देईल. त्यात अख्खं १९२.१६८.१ नेटवर्क उघडू नका, डीव्हीआरचा एकच पत्ता /३२ (म्हणजे फक्त तेवढाच एक) लावून द्या. लिनक्समध्ये आयपी फॉरवर्डिंग चालू करायला विसरू नका, आणि टेलस्केलच्या पानावर जाऊन तो मार्ग मंजूर करावा लागतो. बरेच जण इथेच अडकतात. डीव्हीआरला राउटरमध्ये कायमचा एकच पत्ता नेमून द्या, नाहीतर वीज गेली-आली की तो बदलेल.

एक सूचना. टेलस्केल आपल्या उपकरणांना १००.६४ च्या पट्ट्यातलेच पत्ते देतं, तोच पट्टा जो तुमचे केबलवाले वापरतात. त्यामुळे मोबाइलवर टेलस्केलच्या ॲपमध्ये १०० ने सुरू होणारा पत्ता दिसला तर तो टेलस्केलचा आहे, राउटरच्या पानावर दिसतो तो केबलवाल्यांचा. मार्ग मंजूर झाला की मोबाइलचं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर डीव्हीआरचा १९२.१६८ वाला पत्ता ॲपमध्ये टाकून बघा. चित्र आलं नाही तर लॅपटॉपवर ‘टेलस्केल स्टेटस’ हुकूम चालवून जे दिसेल ते इथे टाका, फक्त त्यातलं ईमेल खातं आणि उपकरणांची नावं झाकून.